भडोचचे बंदर आणि चंद्राचे वेळापत्रक

सातवाहन काळाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक व्यापारी मार्ग काढतो. तेरहून पैठण आणि पैठणहून वर, थेट भडोच. विद्यार्थी तो नकाशा वहीत उतरवून घेतात आणि धडा पुढे सरकतो. पण एखाद्या चौकस विद्यार्थिनीने विचारले की, "सर, कल्याण आणि सोपारा पैठणला जवळ, मग माल भडोचला कशाला नेत होते?" तर उत्तर देताना आपली थोडी पंचाईत होते. त्यातून तिने भूगोलाचा नकाशा उघडला, तर दुसरा प्रश्न तयारच असतो. भडोच समुद्रकाठी नाही. ते नर्मदेच्या उजव्या तीरावर, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत आहे. शिवाय नर्मदा ज्या खंबायतच्या आखाताला मिळते, तेथील भरती-ओहोटी भारतात सर्वांत मोठी आहे. जहाजे फुटावीत अशा जागी दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम भारतातील सर्वांत गजबजलेले बंदर कसे उभे राहिले?

भडोच, आजचे अधिकृत नाव भरूच, मुंबईहून रेल्वेने सुमारे ३२० किलोमीटरवर आहे. शाळेची सहल नेण्याजोगे गाव आहे. तेथे किल्ल्याची भिंत आहे, डचांची थडगी आहेत, जुनी मशीद आहे, भृगुऋषींचे मंदिर आहे, शंभराहून अधिक वर्षे जुना लोखंडी पूल आहे. पण ही ठिकाणे एकेक करून पाहिली तर ती इतर गावांतील ठिकाणांसारखीच वाटतात. त्यांना जोडणारा धागा नदीत आहे आणि तो दिवसातून दोनदा वर-खाली होतो. म्हणून आधी नदीकडे वळू.

जुन्या टिपणातील भरती

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून तांबड्या समुद्रामार्गे व्यापार करणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसाने वाटेतील बंदरांची एक टिपणवही लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. भडोचला तो 'बारिगाझा' म्हणतो आणि नर्मदेला 'नम्मदुस'. बहुतेक बंदरांची माहिती त्याने थोडक्यात आटोपली आहे: कोणता माल येतो, कोणता जातो, राजा कोण. भडोचला आल्यावर मात्र त्याची लेखणी थांबत नाही. व्यापाराची यादी देण्यापूर्वी तो पाण्याविषयीच सांगत राहतो.

तो सांगतो ते असे. आखाताच्या तोंडाशी उजवीकडे खडकाळ उथळा आहे. डावीकडच्या टोकाशी प्रवाह जोरदार, आणि तळाच्या खडकांवर घासून नांगराचे दोर तुटतात. तेथून सुखरूप आत आले तरी नदीचे मुख सापडत नाही, कारण किनारा अगदी सखल असतो. मुख सापडले तर पुढे वाळूचे दांडे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी इतके ओसरते की जेथून थोड्या वेळापूर्वी जहाज गेले तेथे कोरडा तळ दिसू लागतो. मग भरती शिरते तेव्हा नदी उलटी वाहू लागते, मोठी जहाजे आडवी होऊन वाळूवर आपटतात आणि लहान होड्या उलटतात. ओहोटीत चिखलावर कललेल्या होडीला टेकू दिलेला नसेल, तर भरतीचे पहिलेच पाणी तिच्यात भरते. अमावास्येच्या रात्री तर भरती दिसण्यापूर्वी ऐकू येते, दूरवर सैन्याचा गलका व्हावा तशी, असेही तो नोंदवतो.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. त्या पाण्यात वाढलेल्या माणसाला हे केवढे विलक्षण वाटले असेल! तरीही त्याचे निरीक्षण चोख आहे. त्याने भरतीचा चंद्राशी संबंध जोडला आहे आणि ती भडोचला इतर ठिकाणांपेक्षा मोठी असते हेही सांगितले आहे. ती मोठी का, हे मात्र सांगणे त्या काळी शक्य नव्हते. ते काम आपण करू.

आखात पाण्याला कसे उंचावते

आपल्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ लागले की एक गोष्ट सहज लक्षात येते. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर कोचीला साधारण १ मीटर असते, गोव्याला २ मीटरच्या आसपास, मुंबईला ४ ते ५ मीटर आणि खंबायतच्या आखातात भावनगरजवळ १० मीटरहून अधिक. चंद्र तोच, सूर्य तोच. फरक आहे तो समुद्राच्या भांड्यात.

भरती ही एक अतिशय लांब लाट आहे. अशा लाटेचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो: गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की वेग मिळतो. खोली ४,००० मीटर असेल तर हा वेग तासाला सुमारे ७०० किलोमीटर भरतो, ८० मीटर असेल तर सुमारे १०० किलोमीटर, आणि २५ मीटर असेल तर अवघा ५६ किलोमीटर. खोल समुद्रातून धावत आलेली भरती उथळ पाण्यात येते तेव्हा तिची चाल मंदावते, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि लाटेची उंची वाढते. आखात आत चिंचोळे होत गेले तर तेवढेच पाणी कमी रुंदीत मावावे लागते. घर्षण विचारात घेतले नाही, तर रुंदी एक चतुर्थांश झाल्यावर लाटेची उंची दुप्पट होते. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आहे, हे नकाशाकडे नुसते पाहिले तरी कळते.

पण नुसत्या नरसाळ्याने एवढी मोठी भरती येत नाही. तिसरे कारण अनुस्पंदनाचे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के देत राहिले तर झोका मोठा होत जातो, तसेच आखातातील पाण्यालाही स्वतःची एक लय असते. एका टोकाला उघड्या असलेल्या आखाताची लांबी लाटेच्या तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढी असेल, तर ही लय आणि येणाऱ्या भरतीची लय जुळते. आता थोडे गणित करू. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटे जातात. पाणी सरासरी ८० मीटर खोल धरले तर तरंगलांबी सुमारे १,२५० किलोमीटर आणि तिचा पाव हिस्सा ३१० किलोमीटर. भारताच्या किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन सर्वांत रुंद आहे ती नेमकी खंबायतच्या आखातासमोर, आणि तेथे तिची रुंदी ३०० किलोमीटरहून अधिक आहे. प्रत्यक्षात खोली सगळीकडे सारखी नसते आणि तळाचे घर्षणही असते, म्हणून या हिशोबाला ढोबळच मानावे. तरी या आखातात भरती मोठी होण्यामागे अनुस्पंदनाजवळची ही स्थिती आणि नरसाळ्याचा आकार ही दोन्ही कारणे आहेत, असे समुद्रवैज्ञानिक मानतात.

वेग आणि खोलीचा हा नियम वर्गात पडताळता येतो. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा सपाट तळाचा ट्रे घ्या. त्यात २ सेंटिमीटर पाणी भरून एक टोक अलगद उचला आणि खाली ठेवा. पाणी एका टोकाकडून दुसरीकडे हिंदकळू लागेल. दहा पूर्ण हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजा. साधारण २७ सेकंद यावेत. आता पाणी ४ सेंटिमीटर करा. वेळ १९ सेकंदांच्या जवळ येईल. खोली दुप्पट झाली की वेळ १.४ ने भागला जातो, म्हणजे वर्गमूळाचा नियम मुलांच्या हाताखालीच सिद्ध होतो. नंतर ट्रेला त्याच लयीत हलके झोके देऊन पाहा. थोड्याच वेळात पाणी काठाबाहेर सांडेल. वेगळ्या लयीत झोके दिले तर नुसतीच खळबळ होईल. (हा प्रयोग वर्गाबाहेर केलेला बरा.)

नदीत शिरल्यावर

नर्मदेच्या मुखाची रुंदी सुमारे २० किलोमीटर आहे. भडोचपाशी तीच नदी दीड किलोमीटरच्या आत येते. नरसाळ्याच्या पुढे आणखी एक नरसाळे! आणि येथे पाणी उथळ असल्यामुळे एक नवीच गोष्ट घडते. भरतीचा माथा खोल पाण्यावरून येतो, ओहोटीचा तळ उथळ पाण्यावरून. समजा भरतीच्या वेळी नदी ९ मीटर खोल आहे आणि ओहोटीला २ मीटर. वरच्याच नियमाने माथ्याचा वेग तासाला ३४ किलोमीटर येतो आणि तळाचा १६ किलोमीटर. मुखापासून भडोचपर्यंतचे ५० किलोमीटर माथा दीड तासात काटतो, तळाला तीन तास लागतात. म्हणजे मागून येणारी भरती पुढच्या ओहोटीला गाठू पाहते. मुखापाशी पाणी सहा तास चढते आणि सहा तास उतरते. या हिशोबाने भडोचला ते साडेचार तासांत चढते आणि जवळजवळ आठ तास उतरत राहते.

माथ्याने तळाला अगदीच गाठले तर लाटेचा पुढचा भाग उभा होतो आणि पाण्याची एक ठेंगणी भिंत आवाज करीत नदीत वर धावते. पेरिप्लसकाराने ऐकलेला गलका तो हाच. तो रात्रीचाच का, याविषयी आमचा एक तर्क आहे. दिवसातील दोन भरत्या अगदी सारख्या नसतात. मुंबईत पावसाळ्यातील मोठ्या भरत्या भरदुपारी येतात हे वर्तमानपत्रांतून आपण दरवर्षी वाचतो. हिवाळ्यात याच्या उलट, रात्रीची भरती मोठी असते. पाश्चात्त्य जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत, पावसाळ्याच्या अखेरीस येथे पोहोचत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांवर परतत. म्हणजे ती येथे मुक्कामाला असत आणि परतीला निघत त्या दिवसांत रात्रीची भरतीच मोठी असणार.

साडेचार तास चढ आणि आठ तास उतार या आकड्यांकडे परत यावे लागेल, कारण बंदराचे नशीब त्यांत दडलेले आहे. पण आधी माणसे.

आरकाटी

अशा नदीत परकी जहाजे शिरत कशी? राजाच्या चाकरीत असलेले स्थानिक कोळी आपल्या मोठ्या, भरपूर वल्हेकरी असलेल्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि तेथून जहाजांना वाट दाखवीत आणत. या होड्यांची नावेही ग्रीक टिपणात आली आहेत: 'त्राप्पगा' आणि 'कोटिंबा'. 'अंगविज्जा' या प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत त्यांच्याशी जुळणारी नावे सापडतात. जहाजाला बंदरात आणणाऱ्या अशा वाटाड्याला आपल्याकडे आरकाटी म्हणत. हे आरकाटी भरती सुरू होताच जहाज ओढत वर नेत आणि ओहोटी लागली की नदीतील ठरावीक खोल डोहांत नांगर टाकून थांबत. पुढची भरती आली की पुन्हा प्रवास.

डोहांत थांबण्याची ही पद्धत आकड्यांत बसते का ते पाहू. पेरिप्लसकाराने मुखापासून भडोचचे अंतर ३०० स्टेडिया दिले आहे. एक स्टेडियम १६० ते १८५ मीटरचे धरले तर हे अंतर ४८ ते ५५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या नकाशाशी जुळते. भरतीचा प्रवाह आणि वल्ह्यांची ओढ मिळून जहाज तासाला ६ किलोमीटर सरकले, तर एका भरतीत ते साधारण ३० किलोमीटर जाईल. उरलेले २० किलोमीटर दुसऱ्या भरतीत. मध्ये आठ तास थांबणे भाग आहे आणि थांबायचे तर ओहोटीतही जहाज तरंगेल अशी जागा हवी. हे डोह कोठे आहेत, यंदाच्या पुरानंतर कोणता डोह बुजला, कोणता नवा पडला, हे फक्त रोज नदीवर असणाऱ्यालाच ठाऊक. भडोचला धक्का होता, गोदामे होती, पण परक्या गलबताला बंदर म्हणून जे मिळत होते ते मुख्यतः या कोळ्यांचे ज्ञान.

या ज्ञानाची ख्याती बौद्ध वाङ्मयातही पोहोचली होती. सुप्पारक जातकाचा नायक भरुकच्छच्याच नाखव्यांच्या घराण्यातील. खाऱ्या पाण्याने दृष्टी गेल्यावरही तो केवळ अनुभवाच्या बळावर जहाज सुखरूप परत आणतो.

आपल्या कोकणातील कोळीही हे गणित तोंडी करतात. तिथीचा पाऊणपट काढला की भरतीची वेळ तासांत मिळते. पौर्णिमा म्हणजे १५, तिचा पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईला पौर्णिमेची भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, हे भरतीचे कोष्टक पाहून पडताळता येईल. अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तीही उधाणाची नव्हे, भांगाची. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, कोळ्यांचा नियम दिवसाला ४५ मिनिटे धरतो. समीकरणे सोडवीत बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हेवा वाटावा असा हा नियम आहे. भडोचला मात्र भरती मुंबईपेक्षा काही तास उशिरा पोहोचते, तेव्हा तेथे त्यात तेवढी भर घालावी लागेल.

पैठणचा माल भडोचला का?

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पेरिप्लसनुसार पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणहून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. उत्तरेकडून उज्जैनचा मालही येथेच उतरे. परत जाताना द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी. तेरच्या वस्तुसंग्रहालयात आज ज्या वस्तू दिसतात, त्यांतील रोमन धाटणीच्या वस्तूंचा प्रवास अशाच मार्गांनी झाला असावा.

कल्याण जवळ असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? एक कारण राजकीय होते आणि ते पेरिप्लसमध्येच आहे. त्या काळात कल्याणच्या बंदरावर निर्बंध होते आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच तेव्हा क्षत्रप राजांच्या हातात होते. याच घराण्यातील नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहेत. त्यांत त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे आणि तापी, दमण, पारदा, डहाणू वगैरे नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचे सांगितले आहे. नाशिकच्या शाळांना तर हा पुरावा गावातच पाहता येईल! नकाशावर या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे मांडल्या की भडोचकडे जाणारी वाट डोळ्यांपुढे उभी राहते.

दुसरे कारण भौगोलिक. नर्मदेचे खोरे म्हणजे माळव्यात जाण्याचा राजमार्ग, आणि भरती माल ५० किलोमीटर आत फुकट आणून देत होती. जी भरती जहाजे फोडत होती तीच त्यांना ओढतही होती. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्यूएनत्संग येथे आला तेव्हाही येथील लोक समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढतात आणि समुद्रावरच जगतात, असे त्याने लिहून ठेवले.

बंदर का सरले

सतराव्या शतकात इंग्रजांनी आणि डचांनी भडोचला वखारी घातल्या. त्यांना हवे होते ते येथील सुती कापड. डचांच्या वखारीची आठवण 'वलंदा कोठी' या नावात राहिली आहे, आणि गावाबाहेर त्यांची उंच थडगी आहेत. वलंदा म्हणजे वलंदेज, हॉलंडचे लोक. पण मोठ्या तळाची युरोपीय जहाजे सुरतेच्या सुवाळीलाच थांबत. १७७२ मध्ये इंग्रजांनी भडोच घेतले, पुढे सालबाईच्या तहानंतर ते महादजी शिंद्यांकडे आले आणि १८०३ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे गेले. तोवर बंदर म्हणून त्याचे महत्त्व ओसरलेच होते. मुंबई आणि मग रेल्वे यांनी उरलेले काम केले.

गाळ हे बंदर ओसरण्याचे खोलवरचे कारण. साडेचार तास चढ, आठ तास उतार हे आकडे आठवा. तेवढेच पाणी कमी वेळात आत यायचे तर त्याला जोर जास्त. जोरदार प्रवाह वाळू उचलून आत आणतो, आणि सावकाश परतणारे पाणी तिच्यातील काही तळाशी सोडून जाते. रोज दोनदा हे चालते. उन्हाळाभर खाडी अशी भरत राहते. तिला साफ करते ती पावसाळ्यातील नर्मदा. १,३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीचे पाणलोट क्षेत्र जवळजवळ ९९ हजार चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्याचा पूर भडोचपाशी येतो तेव्हा साचलेला गाळ समुद्रात ढकलला जातो. भरती आणि पूर यांच्या या ओढाताणीतून जहाजांची वाट तयार होत असे. अर्थात वाट दरवर्षी थोडी सरकत असे, म्हणून तर आरकाटी लागत.

गाळ अजूनही ऐकत नाही. २०१७ मध्ये नर्मदेच्या मुखाजवळील दहेज आणि समोरच्या किनाऱ्यावरील घोघा यांच्यामध्ये फेरीबोट सुरू झाली. रस्त्याने आखाताला वळसा घालून जाण्याचा मोठा फेरा तिने वाचवला. पण दहेजपाशी गाळ साचून खोली कमी पडू लागली, फेरी बंद ठेवावी लागली, आणि २०२० मध्ये ती दहेजऐवजी तापीकाठच्या हजिऱ्याहून सुरू झाली. गाळ उपसण्याची यंत्रे आणि उपग्रहाची छायाचित्रे हाताशी असूनही!

धरणानंतर

या ओढाताणीतील एक बाजू आता बदलली आहे. सरदार सरोवर धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बसवून पूर्ण झाले आणि २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या पाण्याने गुजरातमधील आणि राजस्थानातील कोरड्या भागांची तहान भागते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण धरणाखालच्या नदीत उन्हाळी प्रवाह अगदी क्षीण झाला. समोरून ढकलणारे गोडे पाणी नसेल तर खारे पाणी वर चढते. २०१८ च्या उन्हाळ्यात भडोचच्या परिसरात हा प्रश्न चांगलाच तापला होता. हिलसाचाही येथे संबंध आहे. समुद्रात राहणारा हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो, आणि भडोचच्या मच्छीमारांचे वर्ष त्याच्यावर अवलंबून असते. गोड्या पाण्याचा ओघ हीच त्याची वाट दाखवणारी खूण. तो ओघ घटला तसा मासाही घटला.

खाऱ्या पाण्यावर उपाय म्हणून भडोचच्या खालच्या अंगाला, भाडभूत गावाजवळ नदीवर दरवाजांचा बंधारा घालण्याची योजना आखली गेली. तिची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. भरतीला बाहेर रोखायचे आणि आत गोड्या पाण्याचे सरोवर करायचे, अशी ती कल्पना. गाव, शेती आणि कारखान्यांना गोडे पाणी मिळेल, हा लाभ खरा आहे. मच्छीमारांनी तिला विरोध केला, कारण हिलसाची वाटच बंद होईल. आमच्या मते त्यांचा आक्षेप शास्त्रीय दृष्ट्याही वजनदार आहे. भरती दरवाजापाशी अडली की तिच्यातील गाळ तेथेच बसणार, आणि तो उचलून नेणारा पूर धरणवाल्यांच्या मर्जीवर येणार. ज्यांच्या पूर्वजांनी या नदीत जहाजे चालवली, त्यांना योजनेच्या आखणीतच विचारले असते तर बरे झाले असते.

याचा अर्थ पूर संपले असा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून एकाएकी मोठा विसर्ग झाला आणि भडोचला नदी ४० फुटांवर गेली. धोक्याची खूण तेथे २४ फुटांवर आहे. ही पातळी मोजली जाते गोल्डन ब्रिजपाशी.

सहल नेताना

गोल्डन ब्रिज १८८१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. लांबी १,४१२ मीटर. पुरांमुळे दुरुस्त्यांवर इतका पैसा ओतला गेला की त्यात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. २०२१ मध्ये शेजारी नवा नर्मदामैया पूल झाला आणि जुन्यावरची वाहने थांबली. मुंबईहून रेल्वेने जाताना नदी ओलांडली जाते तेव्हा तो खिडकीतून दिसतो.

सहलीचा दिवस ठरवताना पंचांग पाहावे. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस उत्तम, कारण मोठे उधाण तिथीच्या थोडे मागून येते. पावसाळा टाळावा. पुराच्या पाण्यात भरती ओळखू येत नाही आणि घाटही धोक्याचे असतात. जुने गाव नदीकाठच्या उंच टेकाडावर आहे. किल्ल्याच्या भिंतीवरून किंवा दशाश्वमेध घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून पाण्यावर नजर ठेवता येते. मुलांनी पाण्यात उतरू नये, हे शिक्षकांनी बजावून सांगावे. पाण्याबाहेर दिसणारी घाटाची एखादी पायरी किंवा पुलाच्या खांबावरची खूण ठरवून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची टिपावी. चार-पाच तासांच्या नोंदींचा आलेख काढला की चढ उतारापेक्षा ताठ दिसतो की नाही, ते कळेल. पाणी चढू लागताना सोडलेले झेंडूचे फूल कोणत्या दिशेला जाते, हेही पाहावे. नदी उलटी वाहताना प्रथमच पाहणारी मुले गप्प होतात.

मधल्या वेळात जामा मशीद पाहून घ्यावी. तिचे कोरीव खांब जुन्या मंदिरांचे आहेत. भृगुऋषींच्या मंदिरात गावाच्या भृगुकच्छ या नावाची कथा ऐकायला मिळते. डचांच्या थडग्यांसाठी थोडे चालावे लागते. कन्हैयालाल मुनशी यांचा जन्म १८८७ मध्ये याच गावातला. नदीच्या वरच्या अंगाला शुक्लतीर्थाजवळ बेटावर कबीरवड आहे, पण तेथे जायचे तर निराळा दिवस काढावा. बाजारात भडोचची प्रसिद्ध खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे मिळतात. ती घाटावर बसून नोंदी घेताना उपयोगी पडते, मात्र कागद नदीत टाकू नये. ओहोटीने तो समुद्रात जाईल असे मुलांना वाटते, पण हिशोब केला आहे त्याप्रमाणे पुढच्या भरतीला तो परत येण्याचीच शक्यता अधिक.